आईचा अख्खा चित्रपट

वस्तू केवढी, तर चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी. पण तिच्यापायी भिलाईच्या त्या घरात बापलेक दोन महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते.

२००७ च्या दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या काकांनी पुतण्यासाठी 'प्लेस्टेशन पोर्टेबल' आणले. सोनी कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानात विक्रीला काढलेले, हातात धरून खेळायचे हे यंत्र. मुले त्याला पीएसपी म्हणत. मुलगा अकरावीत होता. भिलाईत अकरावी म्हणजे सकाळी शाळा आणि संध्याकाळी आयआयटीची शिकवणी. सहामाहीत गुण घसरले तसे वडिलांनी पीएसपी कपाटात ठेवले आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

"बारावी होईपर्यंत याचं नाव काढायचं नाही!"

वडील पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये पाळीवर. आजोबाही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि नोकरीच्या ओढीने विदर्भातली कितीतरी कुटुंबे इथल्या सेक्टरांमधून रुजली. त्यांतलेच हे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी.

फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवडे रुग्णालयातच राहावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. आईंना दुखण्यापेक्षा घराचीच काळजी अधिक. "अहो, आईंच्या गोळ्या दिल्यात ना? दुधाचे पैसे द्यायचे राहिलेत हो." दिवसभर हेच. रात्री झोप नाही, पाय हलवता येत नाही, नजर छताला.

चौथ्या दिवशी मुलाने वडिलांकडे कपाटाची किल्ली मागितली.

"आई तिकडे अशी पडलीय आणि तुला खेळ सुचतोय?"

"खेळायला नकोय, बाबा. आईला सिनेमा दाखवायचाय."

वडिलांना खरे वाटले नाही. पण त्यांनी किल्ली दिली.

दारातून पाहिलेला पडदा

या यंत्रावर चित्रपट पाहता येतो, हे तेव्हा मोठ्यांना फारसे ठाऊक नव्हते. सोनीने त्यासाठी छोट्या चकत्याही काढल्या होत्या. व्यास जेमतेम सहा सेंटिमीटर, आणि त्यावर हॉलिवुडचे अख्खे चित्रपट. पण त्या महाग पडत, आणि आईंना हवा तो मराठी चित्रपट त्यांवर कुठून मिळणार? मुलाने दुसरी वाट धरली. नागपूरहून कधीतरी आणलेल्या 'अशी ही बनवाबनवी'च्या व्हीसीडी घरात होत्या. त्यांतला चित्रपट संगणकावर घ्यायचा, यंत्राला कळेल अशा रूपात बदलायचा आणि छोट्या मेमरी कार्डात भरायचा. संगणक जुना, काम रात्रभर चालले.

हाच चित्रपट का? कारण आईंनी तो निदान दहा वेळा 'पाहिला' होता, आणि एकदाही पूर्ण पाहिला नव्हता.

१९८७ साली लग्न होऊन त्या भिलाईला आल्या, ते वर्ष दूरदर्शनवरच्या 'रामायणा'चे. रविवारी सकाळी शेजारपाजारचे सगळे त्यांच्या घरी जमत. सतरंजीवर मुले, खुर्च्यांवर थोर मंडळी, आणि नवी सून स्वयंपाकघराच्या दारात. एक कान टीव्हीकडे, एक स्टोव्हवरच्या चहाकडे. रविवारी दुपारी दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात निरनिराळ्या प्रादेशिक भाषांतले चित्रपट लागत. मराठीची पाळी कधीतरी येई. भिलाईत त्याचे केवढे अप्रूप! पण ती वेळ नेमकी जेवणे उरकल्यावरची, खरकटी भांडी घासायची. पुढे भाड्याचा व्हीसीआर आला, मग व्हीसीडी आली. दारातली जागा मात्र तीच राहिली. कोणी त्यांना बसू नको म्हणाले नव्हते. बस म्हणायचेही कोणाला सुचले नव्हते.

थांबणारा चित्रपट

मुलाने उशीला टेकवून यंत्र आईंच्या हातात दिले, कानात इअरफोन घातले. पडदा जेमतेम सव्वाचार इंचांचा, पण चित्र स्वच्छ.

"हे बटण दाबलं की थांबतो. पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे सुरू."

"म्हणजे माझ्यासाठी थांबतो?" आईंनी विचारले.

इंजेक्शनसाठी परिचारिका आली, चित्रपट थांबला. डबा आला, पुन्हा थांबला. आजवर सगळ्यांसाठी थांबल्या त्या आई. त्यांच्यासाठी एखादी गोष्ट थांबण्याची ही पहिलीच खेप. रात्री त्या एवढ्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली.

"का देखत हस, बहिनी?"

आईंनी एक इअरफोन काढून तिच्याकडे दिला. खाटा जवळ होत्या, तार कशीबशी पोचली. तिला मराठी येत नव्हते. पण बायकांचे कपडे घालून घरमालकिणीला फसवणारे पुरुष बघायला भाषा कशाला लागते?

दुसऱ्या दिवशी वडील डबा घेऊन आले, तेव्हा आईंनी दुधाचे पैसे विचारले नाहीत. म्हणाल्या, "अहो, शेवट किती छान आहे! मला माहीतच नव्हता."

वडील काही बोलले नाहीत. वीस वर्षांत आपण तो शेवट कितीदा पाहिला, हे त्यांना आठवले असावे. घरी परतल्यावर त्यांनी मुलाला एवढेच विचारले, "त्यात आणखी एखादा मावेल का रे?" दोन महिन्यांनी त्या घरात बापलेकांनी शेजारी बसून काही केले, ते म्हणजे कार्डात 'श्यामची आई' भरणे.

पीएसपीचे दिवस संपले. २०१४ मध्ये सोनीने त्याचे उत्पादन बंद केले. त्याच्या कितीतरी पट करामती फोन आता प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात मान खाली घालून बसतो, ही घरोघरची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण सगळे मिळून एक पडदा पाहायचे, त्या दिवसांची आठवण काढताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या 'सगळ्यां'मध्ये दारात उभी राहणारी ती धरलेली नव्हती.

त्या घरात आता एक नियम आहे. रविवारी दुपारी भांडी वडील घासतात, आणि आई दिवाणखान्यात मोठ्या टीव्हीसमोर, मधल्या खुर्चीवर बसतात. चहा हवा असला, तर ज्याचा त्याने करून घ्यायचा. चित्रपट संपेपर्यंत आईंना हाक मारायची नाही.