ओट्यासमोरची टाच

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारी कणीक तिंबायला घेतली की मुंबईहून परतणाऱ्या लोकलची गर्दी ओसरेपर्यंत कुणाला बसायला मिळायचं नाही. मनगट दुखतं का, खांदा भरून येतो का, हे गिऱ्हाइकंही आपुलकीने विचारतात. पाय मात्र ओट्याच्या आड असतात. गुळगुळीत लादीवर, तेही अनवाणी, तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांच्या टाचांचं काय होतं, यावर बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माझी उजवी टाच सकाळी दुखायची. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की आत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. घरात चार फेऱ्या झाल्या की पाय मोकळा व्हायचा आणि रात्री केंद्र बंद करताना पुन्हा ठणकायला लागायचा. सासूबाईंनी त्यांना येत होतं ते सगळं केलं. वीट तापवून तिच्यावर रुईचं पान ठेवून शेक दिला, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसवलं आणि रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासले. त्या वाटीचं ऋण मी विसरणार नाही, कारण त्या दिवसांत झोप लागायची ती तिच्यामुळेच. पण सकाळचं पहिलं पाऊल तसंच राहिलं. पुढे डावा गुडघा आणि डावी कंबरही दुखू लागली. उजवी टाच टेकायची नाही म्हणून सगळा भार मी डाव्या पायावर घेत होते.

एक्स-रेत टाचेचं हाड पुढे वाढलेलं दिसलं आणि घरात घबराट झाली. ज्याला त्याला वाटे, ते हाडच टोचतंय, म्हणजे ऑपरेशन आलं. ही भीती फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घालवली. असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडतं, त्या म्हणाल्या. माझं दुखणं तळव्यातल्या जाड पट्ट्याचं होतं. हा पट्टा टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जातो आणि पायाची कमान तोलून धरतो. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. इंजेक्शनचंही मी विचारलं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून पहिला उपाय तो नको, असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा होता. उजव्या पायाला ते जमेना, इतकी पोटरी आखडली होती. टाचदुखीचं मूळ पोटरीतही असतं हे मला तिथे कळलं, आणि इतके महिने तिथे कुणी हातही लावला नव्हता याचं फार वाईट वाटलं.

उपचार दिसायला अगदी साधा होता. सकाळी जमिनीवर पाय टेकवण्याआधी पलंगावरच पाय मांडीवर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायची. असं दहा वेळा. खरं काम पायरीवर होतं. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं आणि टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. हे दिवसाआड. जमू लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. मी मुलाच्या दप्तरात पिठाच्या पिशव्या भरल्या. डेन्मार्कमधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या व्यायामाची तुलना नुसत्या ताण देण्याशी केली होती. तीन महिन्यांनी वजनाचा व्यायाम करणारे जास्त सुधारले होते, वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे हे दुखणं बहुतेकांचं हळूहळू जातंच. व्यायामाने ते लवकर हटतं. दुखऱ्या पायावर वजन घ्यायचं म्हटल्यावर सासूबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. मॅडमनी एकच खूण सांगितली होती : व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसावं. सुरुवातीचे कित्येक आठवडे काहीच फरक वाटला नाही. नंतर एका सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मी सरळ दारापर्यंत गेले आणि परत येताना लक्षात आलं की भिंत धरली नव्हती.

रुईच्या पानाच्या शेकाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. आमच्याकडच्या एका मावशींना जुना मधुमेह आहे. माझं बघून त्यांनीही विटेचा शेक घेतला. त्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली, त्यामुळे चटका कळलाच नाही. रात्री घरी गेल्यावर फोड दिसला. तो भरायला फार काळ लागला. साखरेच्या माणसाने पायाला शेक, गरम पाणी, कापूर लावणं, ब्लेड वापरणं यातलं काहीही आपल्या मनाने करू नये. रोज आरशात तळवे बघावेत, आणि पाय सुजला, लाल झाला किंवा मुंग्या येऊ लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

केंद्रातली सर्वांत अवघड गोष्ट चपलेची ठरली. आमच्या स्वयंपाकघरात पायताण कधी आलं नव्हतं. पण अनवाणी लादीवर उभं राहून पट्ट्याला विश्रांती मिळणार नव्हती. मी सासूबाईंना सगळं समजावलं. त्या दोन दिवस गप्प होत्या. मग स्वतःच बाजारातून जाड टाचेच्या, मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घेऊन आल्या. बाहेर घालायच्या नाहीत, रोज धुवायच्या, एवढी अट घातली. मावशींना चपला घालणं पटलं नाही, म्हणून ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाकली. तेलाने ती निसरडी होते. रात्री साबणाने घासायची पाळी आम्ही लावून घेतली आहे. लाटणारीसाठी उंच स्टूल आणलं. दर तासाला लाटणारी आणि भाजणारी जागा बदलतात.

टाच आता दुखत नाही. डावा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो, म्हणून खुर्चीवरून हात न टेकता ऊठ-बस करण्याचा व्यायाम चालू आहे. तो आम्ही कणीक मुरायला ठेवली की सगळ्याजणी मिळून करतो, मावशीसुद्धा.