तासातासाचा हिशेब

एम.डी.साठी मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात आले, तेव्हा मूत्रपिंडाविषयी मला पुस्तकातलं बरंच पाठ होतं. नेदरलँड्समधल्या डॉ. कोल्फ यांनी १९४३ साली, नाझी अमलाखाली, सेलोफेनच्या नळ्यांचं पहिलं कृत्रिम मूत्रपिंड चालवलं, पहिली रुग्ण वाचली ती १९४५ मध्ये, हेही ठाऊक होतं. त्या यंत्रापाशी रात्रभर काय करावं लागतं, याची मात्र कल्पना नव्हती. ती दिली अतिदक्षता विभागातल्या एका सिस्टरांनी. माझी सगळी डॉक्टरकी त्यांच्या ऋणात आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं आणि ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे, आमच्या भाषेत लेप्टोचे, रुग्ण येऊ लागले. उंदरांच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यातून पायांच्या जखमांवाटे अंगात शिरलेले. ताप, लालभडक डोळे, पिवळं अंग. पोटऱ्यांना हात लावू देत नसत. आमच्याकडे आलेले बहुतेक कमावत्या वयाचे पुरुष होते. कुणाच्या फुप्फुसांत रक्तस्राव, कुणाचं बीपी इंजेक्शनांवर तोललेलं, आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं ते क्रिएटिनिन रक्तात रोज चढत असलेलं.

मला प्रत्येकाला लगेच डायलिसिसवर घ्यावंसं वाटे. सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीशी वाकून आकडा लिहीत. एका रात्री त्यांनी तो तक्ता माझ्यापुढे धरला. "क्रिएटिनिन मागून येतं, डॉक्टर. आधी हे बघा." लेप्टोत अनेकांची लघवी बंद पडतच नाही, पोटॅशियमही उलट उतरतं, हे मी वाचलेलं होतं, खाटेवरच्या माणसात ते ओळखायला त्यांच्या तक्त्याने शिकवलं. आणि ज्याची लघवी आटली, श्वास चढू लागला, त्याच्यासाठी "सरांना आत्ताच फोन करा," असं सर्वांत आधी त्याच म्हणत.

चोवीस तास संथ चालणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. बीपी ढासळलेल्या माणसाला नेहमीचं चार तासांचं डायलिसिस सोसत नाही. म्हणून साध्याच यंत्रावर रक्त हळू फिरवत आठ-दहा तास काढायचे. रक्तस्राव असेल तर हेपरिन नाही. गुठळी धरू नये म्हणून नळ्या सलाइनने पुन्हा पुन्हा धुवायच्या. मधेच बीपी उतरलं की पाणी काढणं थांबवायचं. डायलिसिसमध्ये धुऊन जाणारं ॲंटिबायोटिक नंतरच द्यायचं, याची सिस्टर न विसरता आठवण करून देत. यंत्र मूत्रपिंडाला बरं करत नाही; त्यातल्या नलिकांच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येईपर्यंत माणसाला जगवतं. ते जगवणं किती हातांचं काम आहे, ते मी तिथे पाहिलं.

एका हमालाची पिशवी अखेर भराभर भरू लागली. आम्ही निवासी डॉक्टर सुटकेचा श्वास टाकत होतो. सिस्टर मात्र तोवर सलाइनचा वेग वाढवायचा का, पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचं, हे विचारत उभ्या होत्या. सावरणारं मूत्रपिंड सुरुवातीला पाणी आणि क्षार धरून ठेवू शकत नाही. माणूस तिथेही हातचा जातो, हे तोवर माझ्या मनात ठसलेलं नव्हतं.

डायलिसिस लवकर सुरू करावं की थांबावं, यावर पुढे मोठे अभ्यास झाले. २०२० मध्ये सुमारे तीन हजार रुग्णांवरच्या 'स्टार्ट-एकेआय' अभ्यासाचा निकाल आला: घाई करून मृत्यू कमी झाले नाहीत, आणि थांबून वाट पाहिलेल्या गटात सुमारे ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस लागलंच नाही. मी निवृत्त सिस्टरांना फोन करून हे सांगितलं. त्यांना आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "त्या लोकांची लघवी तासातासाला मोजत होते ना?"

माझ्या विभागात नवा निवासी डॉक्टर आला की पहिल्या रात्री मी त्याला सिस्टरांबरोबर तक्ता भरायला बसवते.