निसटलेले शिंदे

सूची करणे हा माझा व्यवसाय. इतिहासविषयक ग्रंथाच्या अखेरीस व्यक्तिनामांची व स्थलनामांची जी यादी बारीक टंकात छापली जाते, जी वाचक सहसा वाचीत नाही, परंतु जिच्यात हवे ते नाव न सापडल्यास ग्रंथकारास सोडून सूचिकारासच दूषणे देतो, ती तयार करण्यात सदाशिव पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. साधने म्हणजे कोऱ्या चिठ्ठ्या, बुटांचे रिकामे खोके आणि सुतळी. चार वर्षांपूर्वी पुतण्याने हा सारा सरंजाम पाहिला आणि माझ्या संगणकावर ऑब्सिडियन नावाचे टिपणवहीचे सॉफ्टवेअर बसवून दिले. जाता जाता तो म्हणाला, ‘‘काका, आता शोधा म्हटलं की सापडतं. सूची करायचीच कशाला?’’

या प्रश्नाने मी काही दिवस अस्वस्थ होतो, हे कबूल केले पाहिजे.

ऑब्सिडियन हे २०२० साली आलेले साधन. त्यात प्रत्येक टिपण साध्या मजकुराची एक स्वतंत्र फाइल म्हणून आपल्याच यंत्रावर राहते. मूळ वही तशी साधीच, परंतु तिला बाहेरच्या मंडळींनी रचलेली शेकडो प्लगइने जोडता येतात. त्यांपैकी डेटाव्ह्यू हे टिपणाच्या शिरोभागी तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये लिहिलेल्या नोंदी, म्हणजे दिनांक, स्थळ, पत्रलेखक इत्यादी, वाचून मागाल तशी यादी पुढे मांडते. आणि वेपॉइंट हे एखाद्या फोल्डरात जेवढी टिपणे असतील तेवढ्यांची याद त्या फोल्डरच्या मुख्य टिपणात आपण होऊन लिहून ठेवते व नवे टिपण आले की ती दुरुस्तही करते. यादीवरून आठवले: फर्द म्हणजे याद किंवा हिशेबाचा कागद, ती लिहिणारा तो फर्दनवीस, आणि फर्दनवीसाचाच पुढे फडणीस झाला. यादी लिहिणाऱ्याचे पद मराठी राज्यात केवढ्या अधिकारास चढले हे ज्या पुण्याने पाहिले, त्या पुण्यात हे काम एक फुकटचे प्लगइन करू लागले, याची मला प्रारंभी मोठी गंमत वाटली.

गंमत टिकली ती शिंदे निसटेपर्यंत. उत्तर पेशवाईवरील एका ग्रंथाची टिपणे या वहीत घेऊन झाल्यावर, पुतण्याच्या सांगण्याप्रमाणे, मी शोधचौकटीत प्रथम ‘होळकर’ आणि नंतर ‘शिंदे’ लिहिले. होळकर भराभर आले. शिंदे मात्र इतके थोडे आले की महादजींचा सारा कारभार कोणी दप्तरातून काढून नेला की काय, असे वाटावे. विचार करता कारण ध्यानात आले. होळकरांस, होळकरांनी, होळकरांचा असे कितीही विभक्तिप्रत्यय लागले तरी त्यांच्या पोटात ‘होळकर’ अक्षुण्ण राहतो. परंतु शिंद्यांस, शिंद्यांनी, शिंद्यांचा असे सामान्यरूप झाले की ‘शिंदे’ हे रूप मजकुरातून नाहीसे होते, आणि जे अक्षरशः नाही ते यंत्रास दिसत नाही. ‘पुणे’ शोधावे तर ‘पुण्यास’ सुटते, ‘वाडा’ शोधावा तर ‘वाड्यात’ सुटते. नुसते ‘शिंद’ लिहून पाहिले, तर शिंद्यांबरोबर शिंदखेड आणि शिंदीची झाडेही हजर झाली.

याहून सूक्ष्म फजिती कऱ्हेने केली. सासवडास वळसा घालून जाणाऱ्या त्या नदीच्या नावातील अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर मुळातच टिंब असलेला ऱ घेऊन त्यास हलन्त जोडावा, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह टाकावे. पडद्यावर दोन्ही कऱ्हा तंतोतंत सारख्या. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या नद्या. माझी निम्मी टिपणे घरच्या कळफलकावर आणि निम्मी मोबाइलवर लिहिलेली असल्याने, दोन दिवस मी एकाच नदीच्या एकाच काठाने हिंडत होतो.

या फजितीत मला एक जुने काम आठवले. येरवड्याच्या बाजूस डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचे काम डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली सुरू केले. ऋग्वेदापासूनचे सुमारे १५०० ग्रंथ वेचून तेथे जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि पहिला छापील भाग निघावयास १९७६ उजाडले. तरुणपणी ही हकीकत प्रथम ऐकली तेव्हा एवढ्या विलंबाचे मला नवल वाटले होते. आता वाटत नाही. विभक्ती लागून, संधी होऊन, समासात गुंतून आलेला शब्द ओळखावा आणि त्याची चिठ्ठी त्याच्या मूळ शब्दाखाली लावावी, हा निर्णय एक कोटी वेळा कोणीतरी मनुष्याने घेतला आहे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील ‘मराठी ग्रंथसूची’ हीही अशाच निर्णयांची बनलेली आहे. शोध आणि सूची यांतील अंतर पुतण्यास समजावून सांगताना मला हीच दोन उदाहरणे उपयोगी पडली. शोधयंत्र पृष्ठावरील अक्षरे हुडकते. सूचिकारास ‘पाटीलबावा’ असे लिहिलेले पृष्ठही महादजी शिंद्यांखाली नोंदवावे लागते.

तेव्हापासून प्रत्येक टिपणाच्या शिरोभागी मी शब्दाचे मूळ रूप स्वहस्ते घालतो, व्यक्ती: शिंदे महादजी, स्थळ: पुणे, याप्रमाणे, आणि त्यापुढची मांडामांड डेटाव्ह्यूवर सोपवतो. तेवढ्यापुरता त्याच्यासारखा इमानी कारकून नाही. वर्णानुक्रमाची त्याची समजूत मात्र माझ्याहून वेगळी आहे. शाळेत आम्ही अखेरीस म्हटलेला क्ष तो क च्या पोटात घालतो, त्यामुळे माझ्या यंत्रावर क्षेत्रमाहुली खडकीच्या आधी येऊन बसते.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. डेटाव्ह्यूची यादी फाइलीत लिहिली जात नाही; फाइलीत असतो तो केवळ तिचा हुकूम, आणि यादी ही प्लगइन चालू असेपर्यंतच पडद्यावर उमटते. एकदा माझ्या वहीची नवी आवृत्ती आली आणि अशाच याद्या करणारे एक जुने प्लगइन, ज्याच्या कर्त्याने त्याकडे पाहणे सोडले होते, चालेनासे झाले. तीन महिन्यांच्या याद्यांच्या जागी हुकमांच्या ओळी तेवढ्या उरल्या. मूळ टिपणे शाबूत होती, म्हणून निभावले. पेशवे दप्तरातील ज्या रुमालांतून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग काढले, ते कागद राज्य गेल्यावरही वाचता आले, कारण मोडी वाचणारा डोळा एवढेच त्यांना पुरे होते. आता मी दरमहा अखेरीस सर्व याद्या साध्या मजकुरात उतरवून घेतो आणि वेपॉइंटला, ते मठ्ठ असले तरी, अधिक मानतो. ते जे लिहिते ते फाइलीत राहते.

पुतण्या हल्ली बंगळुरास असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याने कऱ्हेच्या दोन्ही रूपांचे एक करून देणारी चार ओळींची आज्ञावली मला लिहून दिली, ती उत्तम चालते. शिंद्यांसाठी तसे काही करता येईल का, असे विचारल्यावर तो बराच वेळ डोके खाजवीत बसला. ‘इतर’ नावाच्या फोल्डरात अद्याप दोनशेवर टिपणे पडून आहेत. त्यांना अजून मूळ शब्द मिळालेला नाही.