आपोआप जाणारी फाईल

हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लहान कारखानदारांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडे एक मागणी हटकून येते: "रोजचे तपासणी रिपोर्ट हेड ऑफिसला आपोआप गेले पाहिजेत." तोवर ते काम पेनड्राइव्हवर चाललेलं असतं. संध्याकाळी एखादा पोरगा तो खिशात टाकतो आणि गाडीतळावरून शहराची बस पकडतो. मागणी ऐकायला किरकोळ वाटते, आणि फाईल ढकलणारा कोड खरंच किरकोळ असतो. विनएससीपीची लायब्ररी फुकट मिळते, पंधरा-वीस ओळींत फाईल जाते. वेळ खातं ते फाईल गेली नाही तर काय करायचं, हे ठरवणं.

फाईल पाठवायच्या एफटीपी या जुन्या पद्धतीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले भूषण तेव्हा एमआयटीत होते. तेव्हाच्या नेटवर्कवर मोजकीच यंत्रं होती, त्यामुळे पासवर्ड उघडा गेला तरी कुणाला धास्ती नव्हती. आज तसा पासवर्ड पाठवणं म्हणजे पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहिणं. म्हणून मी एसएफटीपीच घेतो. नाव सारखं असलं तरी ती एफटीपीची सुधारलेली आवृत्ती नव्हे. एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या आतून चालणारी ती वेगळीच व्यवस्था आहे. तिला साधारणपणे २२ नंबरचं एकच पोर्ट पुरतं. एफटीपी डेटासाठी दुसरं कनेक्शन उघडतं, तसं इथे नसल्यामुळे फायरवॉलवाल्याशी घालायची हुज्जत बरीच वाचते.

"रात्री अकराची वेळ लावून द्या," हे एसीत बसलेल्याला सुचतं. कारखान्यात शेवटचा माणूस मेन स्विच खाली ओढतो, मग शटर. अकरा वाजता कॉम्प्युटर चालू असतो कुठे? गुरुवारी तर साप्ताहिक सुट्टी. त्यामुळे घड्याळाच्या नादी लागू नये. रिपोर्ट सेव्ह झाला की त्याची प्रत 'जायच्या' फोल्डरमध्ये पडावी आणि तिथून लगेच निघावी. नेट नसेल तर तिथेच थांबावी, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडताच आधी कालचं उरलेलं जावं. हे सगळं वेगळ्या थ्रेडवर, नाहीतर खिडकी गोठते आणि ऑपरेटर वैतागून प्रोग्रॅमच बंद करतो.

आता खरी मेख. पलीकडचा प्रोग्रॅम दर दोन-चार मिनिटांनी फोल्डर चाळत असतो. आपली फाईल निम्मीच पोचलेली असताना त्याने ती उचलली तर? निम्मी झिप निदान उघडत नाही, बोंब तरी होते. निम्मी सीएसव्ही गुमान उघडते. शेवटच्या शे-दीडशे मापांच्या ओळी नाहीत, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पाठवताना नावाला '.पार्ट' अशी शेपटी लावायची आणि शेवटचा बाइट गेल्यावरच मूळ नाव द्यायचं. त्याच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट अवस्था उरत नाही. सोबत एसएचए-२५६ बेरजेची छोटी फाईल पाठवायची. पलीकडच्याने बेरीज ताडून पोच ठेवली, की मगच आपली प्रत 'गेलेल्या'त सरकवायची. हा पोचेचा भाग ग्राहकाला नेहमी जादा खर्च वाटतो. तिथे मी घासाघीस करत नाही.

पासवर्ड आयएनआय फाईलमध्ये लिहून ठेवणारे महाभाग अजून भेटतात. की-जोडी वापरावी, आणि सर्व्हरवरच्या खात्याला त्या एका फोल्डरपलीकडे काहीही दिसू नये.

पडद्यावर एररचा आकडा दाखवून ऑपरेटरने काय करायचं? तो आकडा लॉगमध्ये जाऊ दे. त्याच्यासमोर एवढंच यावं: "७ रिपोर्ट पोचले, २ बाकी. नेट आलं की जातील."

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एक सांगणं आहे. डेमोला फाईल जाताना दाखवू नका, ती कुणाचीही जाते. निम्म्यात नेटची वायर उपटा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा, आणि मग काय होतं ते ग्राहकाला दाखवा.