लुगड्याची गाठ

मे महिन्यात परंड्याला जाताना मी आज्जीसाठी सनस्क्रीन घेतलं. एसपीएफ ५०. पुण्यात ऑफिसात प्रत्येकीच्या बॅगेत ती ट्यूब असते, आणि आज्जी पंच्याहत्तरीतही भर उन्हात शेतात जाते. त्वचेच्या कॅन्सरबद्दल मोबाइलवर काहीतरी वाचून मी घाबरले होते.

आज्जीनं ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "आता ह्या वयात गोरी करतीस व्हय मला?" मी समजावत राहिले. आई आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "हितं लावलं तर चालंल का?" आणि लुगडं जरा सैल केलं.

साठ वर्षं जिथं गाठ बसते, तिथली कातडी काळी, जाड झाली होती. मधोमध रुपयाएवढी जखम. "दिवाळीपासनं हाय. हळद लावते. बरी व्हती, परत चिघळती." घरात कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं.

त्या रात्री गच्चीवर बसून मी पुन्हा वाचलं, या वेळी नीट. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन बरंच अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे हा कॅन्सर खूप कमी. होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपायावर, नखाखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणावर. बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला.

आणि कमरेवर. टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच 'धोतर कॅन्सर' नोंदवला होता. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तसाच सापडला. एकाच जागी रोज आवळलेलं कापड, घाम, घासणं, वर्षानुवर्षं.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. बार्शी, भूम आणि आमचा परंडा हे तीन तालुके तिच्यात येतात. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून आमच्या तालुक्यात लोक गावोगाव जाऊन कॅन्सरची विचारपूस करतायत. घरात मात्र आज्जीला आम्ही कधी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. "बाप्या डॉक्टर नको" एवढीच तिची अट. त्या बाईंनी जखमेचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी कोडची एक ओळ धड लिहिली नाही.

कॅन्सर नव्हता. "पण अजून वर्षभर हळद लावत बसला असतात तर मी काही सांगू शकले नसते," डॉक्टर म्हणाल्या. गाठ सैल बांधायची, रोज जागा बदलायची, कातडी कोरडी ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी कुठलीही जखम दाखवायची.

उन्हाचा त्रास आज्जीला आहेच, पण तो उष्माघाताचा आणि डोळ्यांचा. त्याला डोक्यावरचा पदर आणि अकराच्या आत घरी येणं हेच औषध. सनस्क्रीन आता आई वापरते.

रविवारी फोन केला की जेवणखाण विचारून झाल्यावर मी विचारते, "आज्जी, गाठ कुठं?"

"डावीकडं. सैल हाय. तुझी तळपायं बघितलीस का तू?"

तेवढ्यासाठी मी चप्पल काढून बघते.