मातीचें देणें

मृगाचा पहिला पाऊस काळ्या रानावर पडला म्हणजे जो वास दरवळतो, त्याचें वर्णन करून आमचे कवि अजून थकलेले नाहींत. मंठ्यासारख्या गांवीं राहणाऱ्यास तो फुकट मिळतो, आणि कपाशीच्या चिंतेंत बुडालेला शेतकरीहि त्या दिवशीं क्षणभर थांबून ऊर भरून श्वास घेतो. हा वास मातीचा नसून मुख्यतः मातींत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जंतूंचा आहे, असें प्रथम वाचलें तेव्हां माझा थोडा विरसच झाला. पण त्या जंतूंचें कूळ व करणी जसजशी कळत गेली, तसतसा तो विरस मावळला. याच कुळानें जगाला स्ट्रेप्टोमायसिन दिलें, ऑरिओमायसिन दिलें. आणि इटलींतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातींत सांपडलेल्या त्यांच्याच एका भाऊबंदानें डॉनोरुबिसिन हें तांबडें औषध दिलें. रक्ताच्या कर्करोगावर तें आजहि योजतात.

हें ज्ञान केवळ करमणुकीचें राहिलें असतें तर बरें होतें. पण आमच्या शेजारच्या गृहस्थांचा तरुण मुलगा याच रोगानें अंथरुणास खिळला आहे. मुंबईच्या औषधांना रोगानें आधीं दाद दिली, मग देईनासा झाला. एके संध्याकाळीं ते गृहस्थ डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचें पाकीट घेऊन माझ्याकडे आले. "गुरुजी," ते म्हणाले, "ही गोळी तर आपल्या बाजारांत मिळते. असल्याच औषधानं हा रोग हटतो, असं पेपरांत आलंय म्हणं. चालू करावी का?"

प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारे जे सूक्ष्म कण असतात, त्यांचे पूर्वज एके काळीं स्वतंत्र जंतु होते. कोट्यवधि वर्षांपूर्वीं ते परक्या घरांत शिरले आणि घरचेच झाले. परंतु प्रथिनें घडविण्याची त्यांची रीत अजून जंतूंच्याच वळणाची आहे. म्हणून जें औषध जंतूंचा हा कारखाना बंद पाडतें, तें या कणांच्या कामांतहि अडथळा आणूं शकतें. निरोगी पेशी तें बऱ्याच अंशीं सोसते. रक्ताच्या कर्करोगाच्या कांहीं हट्टी पेशींचें मात्र या कणांवांचून चालत नाहीं. टेट्रासायक्लिनच्या सांगाड्यांत फेरफार करून, जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठीं टायगेसायक्लिन तयार करण्यांत आलें. तें अशा पेशींना मारतें, असें टोरांटो येथील संशोधकांना 2011 सालीं आढळलें. पुढें 2017 सालीं ग्लासगोच्या संशोधकांनीं इमॅटिनिबच्या जोडीला तें उंदरांना दिलें, तेव्हां जुनाट मायलॉइड प्रकारच्या रोगाच्या, एरवीं दडून राहणाऱ्या मूळ पेशींचा फार मोठा भाग नाहींसा झाला.

पण मधली गोष्टहि सांगितली पाहिजे. उपचारांना न जुमानणाऱ्या तीव्र मायलॉइड प्रकारच्या रुग्णांवर या औषधाचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त 2016 सालीं प्रसिद्ध झाला. रोग हटल्याचें म्हणण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. औषध शरीरांतून लवकर निघून जाई, आणि पेशींवर हवा तितका वेळ त्याचा अंमल राहत नसे.

मीं हें सारें त्या गृहस्थांस सोपें करून सांगितलें. गोड करून सांगितलें नाहीं. टायगेसायक्लिन शिरेंतून द्यावें लागतें, हातांतली गोळी म्हणजे तें नव्हे, आणि मुंबईच्या डॉक्टरांना विचारल्यावांचून कांहींहि सुरू करूं नये, असें बजावलें. ते बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे औषध अजून वाटंतच आहे म्हणा."

वाटेंतच आहे, हें खरें. 1948 सालींहि तें वाटेंतच होतें. आंध्रांतून अमेरिकेस गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालीं सिद्ध झालेलें अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांना दिलें. 10 मुलांना उतार पडला, तोहि तात्पुरता. त्याच प्रयोगशाळेचें ऑरिओमायसिन त्याच वर्षीं जगापुढें आलें, आणि त्याच वर्षीं सुब्बाराव वारले. त्या मुलांचा रोग पुन्हा उलटला. पण त्या तोकड्या यशापासून निघालेल्या वाटेनें चालत जाऊन, आज पूर्ण उपचार मिळाल्यास मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारचा रोग बहुतेकांच्या बाबतींत बरा होतो.

हा इतिहास मला धीर देतो. ज्याचा मुलगा आज अंथरुणावर आहे त्याला तो कितपत धीर देईल, याची मला शंका आहे. शास्त्राला पिढी पुरते, बापाला महिना पुरत नाहीं. तरीहि खोट्या गोळीपेक्षां खरी अनिश्चितता त्याच्या हातीं देणें मला अधिक माणुसकीचें वाटलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें न उघडलेलें पाकीट दुकानांत परत केलें, आणि त्या पैशांत थोडी भर घालून मुंबईच्या गाडीचें तिकीट काढलें.