दांडी, अंगठा आणि जवसाचे तेल

सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या लांब लाकडाला आपण दांडी म्हणतो. इंग्रजीने गिटारच्या त्याच अवयवाला ‘मान’ म्हटले. हा भेद मला केवळ शब्दांचा वाटत नाही. तंबोऱ्यावर बोटे फिरतात ती तारांवर, दांडीवर नव्हे. म्हणून मिरजेच्या तंबोऱ्यांना (२०२४ मध्ये तेथील सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले) चपडीचे झळझळीत पॉलिश शोभते. गिटारची मान मात्र मुठीत असते आणि डावा अंगठा तिच्या पाठीवरून सतत सरकत राहतो. तेथे चकाकीचा अडथळाच होतो.

यवतमाळात हा अडथळा ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्याच्या कोरड्या भट्टीत तळवा सहज सरकतो. श्रावणात तोच तळवा लेपाला चिकटतो. माझ्या दिवंगत थोरल्या भावाची इलेक्ट्रिक गिटार आता त्याचा मुलगा वाजवतो. गेल्या पावसाळ्यात त्याने विचारले, “काका, मान घासून घेऊ का?”

काम तसे अवघड नाही. तारा उतरवायच्या, पट्टीच्या कडांना कागदी टेप लावायची, मग ६००, ८००, १००० क्रमांकाचे पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेनेच फिरवायचे. पोलादी लोकर वापरू नये; तिचे कण पिकअपच्या लोहचुंबकाला जाऊन चिकटतात. हेतू लेप काढण्याचा नसतो, त्याची चमक मारण्याचा असतो. आमच्याकडच्यासारख्या टोकाच्या हवेत उघडे लाकूड दमट-कोरडे होत वाकू शकते.

अडचण निराळीच होती. तिसऱ्या ते पाचव्या पडद्यामागे भावाच्या अंगठ्याने लेप झिजून लाकूड उघडे पडले होते. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, मळकट, लांबट ठसा. त्याचे हस्ताक्षर आमच्याकडे पुष्कळ आहे, आवाज एका कॅसेटवर आहे; पण त्याच्या हाताच्या सवयीची ही एकच नोंद. पॉलिश पेपर अशा नोंदी ओळखत नाही.

साहित्याच्या अध्यापकाला अशा वेळी एकनाथ आठवणे अपरिहार्य. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ‘अशुद्ध’ म्हणजे काय होते? नकलून घेणाऱ्यांचे, वाचणाऱ्यांचे मध्ये शिरलेले हात. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली, तिच्यावरचा वाद वर्गात शिकवताना मी नेहमी शुद्धीच्या बाजूचा असतो. येथे मात्र तो उपरा हातच मला हवा होता, आणि मूळ पाठ (कारखान्यातला चकचकीत लेप) नको होता! तत्त्वे वस्तूगणिक बदलतात, हे मान्य करणे भाग आहे.

झीज विकतही मिळते. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ पासून मुद्दाम जुनाट केलेल्या गिटारी बाजारात आणल्या आहेत. खरी झीज पाहायची तर रोरी गॅलगर या आयरिश वादकाची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर पाहावी. तिचा रंग बहुतांशी उडालेला आहे. नक्कल केलेल्या झिजेत हात नसतो, म्हणून ती मला बनावट हस्तलिखितासारखी वाटते. असो.

पुतण्याचे म्हणणे माझ्यापेक्षा सरळ होते. “बाबांचा अंगठा जिथे होता तेवढ्याच जागी हात अडकत नाही. बाकीची मान तशी करायची आहे.” त्याला ठसा पुसायचा नव्हता, वाढवायचा होता. ठशाच्या कडेपर्यंत त्याने घासले. ठशाला हात लावला नाही. पण ती उघडी जागा तशीच सोडणेही धोक्याचे होते. फर्निचरचे काम करणाऱ्या एका वृद्ध पॉलिशवाल्यांनी चपडी सुचवली; पण घाम व ओल तिला सोसत नाही. शेवटी रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसतेल आणले. (विदर्भात जवस म्हटले की आधी चटणी आठवते, दुकानदारालाही आठवली.) फडक्याने चोळून, जास्तीचे पुसून, फडके दोरीवर पसरून वाळत घातले, गोळा करून ठेवलेले तेलकट फडके आपोआप पेट घेऊ शकते.

लेप असलेल्या भागाने तेल घेतले नाही. उघड्या लाकडाने ते पिऊन घेतले आणि अंगठ्याचा ठसा पूर्वीपेक्षा गडद झाला. पुतण्याने तीन दिवसांनी तारा चढवल्या.